शिकारी श्वानाचे शिक्षण व त्याची कसोटी : धाराशिव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासात घोडा, हत्ती व बैल या प्राण्यांना काही ना काही स्थान मिळाले आहे. घोड्याशिवाय मराठ्यांच्या लष्करी इतिहासाचा, तर बैलाशिवाय कृषी इतिहासाचा विचार करता येत नाही. कुत्रा मात्र मानवाच्या सर्वांत जुन्या सोबत्यांपैकी एक असूनही इतिहासलेखनाच्या उंबरठ्याबाहेरच राहिला आहे. त्यातही शिकारी कुत्र्याविषयी जे लिहिले जाते ते प्रामुख्याने त्याच्या जातीविषयी, रंगरूपाविषयी आणि त्याला आश्रय देणाऱ्या संस्थानिकांविषयी असते. त्या कुत्र्याला शिकवले कोणी, तो तयार झाला हे कशावरून ठरवले जाई आणि ही पारख करणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

प्रस्तुत निबंधात हे प्रश्न धाराशिव परिसराच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे. येथे ‘धाराशिव परिसर’ या शब्दाने आजच्या जिल्ह्याबरोबरच पूर्वीचा नळदुर्ग जिल्हा, १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला लातूर जिल्हा, तसेच लगतचा सोलापूर व बिदरकडील मुलूख अभिप्रेत आहे. कुत्री, कळप आणि भटके तांडे प्रशासकीय सीमा मानीत नाहीत. त्यामुळे त्यांच्या इतिहासालाही त्या सीमा घालता येत नाहीत. तुलनेसाठी अमेरिकेतील कूनहाउंड या शिकारी कुत्र्यांच्या रात्रस्पर्धांचा आधार घेतला आहे. कुत्र्याचे शिक्षण व त्याची कसोटी यांचा संबंध त्या उदाहरणात विशेष स्पष्टपणे दिसतो.

उद्दिष्टे

१) दख्खनच्या पठारावरील शिकारी श्वानपरंपरेचे ऐतिहासिक दाखले तपासणे.
२) श्वानशिक्षणाचे ज्ञान कोणत्या समाजघटकांकडे होते याचा शोध घेणे.
३) शिकारबंदीनंतर या ज्ञानाची व ते बाळगणाऱ्यांची काय अवस्था झाली याचा विचार करणे.

कसोटी म्हणजे काय : एक तुलनात्मक उदाहरण

अमेरिकेच्या दक्षिण व मध्य भागातील जंगलांत रॅकून नावाचा निशाचर प्राणी आढळतो. आकाराने मोठ्या मांजराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असलेला हा प्राणी कुत्रे मागे लागताच झाडावर चढतो. त्याच्या शिकारीसाठी तेथे जे कुत्रे जोपासले गेले त्यांना कूनहाउंड म्हणतात. हा वासावर चालणारा कुत्रा आहे. अंधारात मालकाला काही दिसत नाही. त्याला जे कळते ते कुत्र्याच्या आवाजावरून. माग लागला की कुत्रा एका पद्धतीने भुंकतो आणि सावज झाडावर चढले की त्याच बुंध्याशी उभा राहून दुसऱ्या पद्धतीने भुंकत राहतो. अनुभवी मालक अर्ध्या मैलावरून आपल्या कुत्र्याचा गळा ओळखतो. शिक्षणाची पद्धत साधी आहे : नवख्या कुत्र्याला जाणत्या कुत्र्याबरोबर रानात सोडायचे आणि त्याने स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला शिकेपर्यंत धीर धरायचा.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड केनेल क्लबने या कुत्र्यांच्या वंशनोंदी ठेवण्यास आरंभ केला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांच्या ज्या स्पर्धा होत त्यांत रॅकूनच्या वासाची पिशवी जमिनीवरून ओढत नेऊन माग तयार केला जाई आणि दिवसाउजेडी कुत्री त्यावर सोडली जात. याचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. जो आधी पोहोचेल तो जिंकणार असे ठरल्यावर ग्रेहाउंडचे रक्त मिसळलेले, केवळ वेगवान असे कुत्रे स्पर्धेत उतरू लागले. ते बक्षिसे मिळवीत. परंतु रात्रीच्या रानात जुना, विरळ झालेला माग उकलण्याचे काम हे वेगळ्याच गुणांचे होते. पुढे शतकाच्या मध्यास रात्रीच्या खऱ्या रानातील स्पर्धांना मान्यता मिळाली. साधारणपणे चार कुत्र्यांची एक तुकडी पंचासह रानात जाते. कोणाच्या कुत्र्याने प्रथम माग लागल्याचे सांगितले, कोणाचा प्रथम झाडाशी स्थिरावला यावर उतरत्या क्रमाने गुण मिळतात. झाडावर सावज दिसले तर ते गुण जमा होतात, रिकामे झाड दाखवले तर वजा होतात आणि दाट पानांमुळे निर्णय करता आला नाही तर ते ना जमा ना वजा असे राखून ठेवले जातात. गुण मिळण्यासाठी सावज मारावे लागत नाही.

या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, कुत्र्याची जात ही त्याच्या कसोटीतून घडते. कसोटी बदलली की काही पिढ्यांत कुत्राही बदलतो. दुसरी अशी की, कसोटी लिखित नियमांत बांधली गेली म्हणजे ती शिकारीपासून वेगळी काढता येते आणि शिकार मर्यादित झाली तरी टिकून राहते. तथापि लिखित नियमांनाही एक पूर्वेतिहास असतो. दक्षिणेतील गुलाम कृष्णवर्णीयांना दिवसभर मालकाच्या शेतावर राबावे लागे. स्वतःची म्हणता येईल अशी वेळ रात्रीचीच. त्या रात्री कुत्री घेऊन रॅकून व ऑपॉसम पकडून ते आपल्या तुटपुंज्या अन्नात भर घालीत. रात्रीच्या रानाचे ज्ञान जमवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नोंदवह्या सुरू झाल्या तेव्हा मात्र त्यांत नावे आली ती कुत्र्यांची व त्यांच्या नोंदणीकृत मालकांची. ज्ञान एकाचे व नोंद दुसऱ्याची, हा प्रकार आपल्याकडेही घडला काय, हे आता पाहावयाचे आहे.

दख्खनमधील प्राचीन व मध्ययुगीन दाखले

दख्खनमध्ये कुत्र्याच्या पराक्रमाची नोंद दगडावर कोरली गेल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील आटकूर येथील शिलालेख. शके ८७२ मधील, म्हणजे इ. स. ९४९-५० चा हा लेख राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील आहे. धाराशिव परिसर त्या वेळी याच साम्राज्याचा भाग होता. तक्कोलमच्या लढाईनंतर गंग राजा बूतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर प्रसन्न झाला आणि काय हवे ते माग म्हणाला. मणलेराने राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे हा कुत्रा एका मोठ्या रानडुकरावर सोडण्यात आला आणि झुंजीत दोघेही मेले. त्याच्या स्मरणार्थ शिळा उभारून तिच्यासाठी जमीन दान देण्यात आली. पराक्रमी वीराने बक्षीस म्हणून कुत्रा मागावा, यावरून शिकवलेल्या कुत्र्याचे मोल लक्षात येते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९३७ पासून केवळ कूनहाउंडसाठी राखलेली दफनभूमी आहे. आपल्या मातीत त्याच भावनेचा आविष्कार जवळजवळ हजार वर्षे आधी झाला होता. या शिलालेखात राजाचे नाव आहे, वीराचे आहे, कुत्र्याचेही आहे. कुत्र्याला शिकवणाऱ्याचे मात्र नाही.

दुसरा महत्त्वाचा दाखला आपल्या अगदी शेजारचा आहे. उमरगा तालुक्याच्या पलीकडे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. येथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाच्या करमणुकींचे वर्णन करताना श्येन, मृगया यांच्याबरोबर ‘सारमेयविनोद’ या नावाने कुत्र्यांचाही स्वतंत्र विचार आला आहे. कुत्र्यांचे प्रदेशपरत्वे भेद, त्यांची लक्षणे आणि शिकारीतील उपयोग यांची चर्चा त्यात आढळते. श्वानविद्या हा राजदरबाराच्या आस्थेचा विषय होता, हे यावरून दिसून येते. परंतु ग्रंथकाराचा दृष्टिकोन पाहणाऱ्याचा आहे. कुत्रा कसा दिसावा आणि त्याने राजाचे मन कसे रमवावे हे त्याला सांगायचे आहे. कुत्र्याला घडवणारा हात येथेही निनावीच राहतो.

लोकपरंपरेत मात्र हा हात पूर्णपणे पुसला गेलेला नाही. तुळजापूर तालुक्यातील अणदूर व नळदुर्ग ही खंडोबाची प्रसिद्ध स्थाने आहेत. एकच मूर्ती वर्षातील काही काळ नळदुर्गच्या मैलारपुरात व उर्वरित काळ अणदुरात असते. खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा असतोच. खंडोबाचा भक्त वाघ्या हा देवाचा कुत्रा मानला जातो आणि काही ठिकाणच्या विधींत तो कुत्र्याप्रमाणे भुंकतोही. गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाची शिकार व धनगर परंपरा यांवर केलेल्या अभ्यासातून, रानात फिरणाऱ्या पशुपालक व शिकारी समाजांचे जग या दैवतात कसे सामावले आहे हे स्पष्ट झाले आहे. ‘कुत्रा’ हा शब्द गावगाड्यात शिवी म्हणून वापरला जातो. त्याच गावाच्या देवळात कुत्रा होणे ही भक्तीची खूण ठरते. हा विरोधाभास म्हणजे गावगाडा व रान यांच्यातील अंतराचाच पुरावा होय.

भूगोल, कुत्रा आणि शिक्षणाची पद्धत

बालाघाटचे पठार, माळराने, ज्वारीची उघडी शिवारे आणि विरळ झुडपे हे या परिसराचे भूवैशिष्ट्य. येथील पारंपरिक सावज म्हणजे ससा, काळवीट, रानडुक्कर, साळिंदर व घोरपड. अशा मोकळ्या मुलखात वासापेक्षा नजरेवर धावणारा कुत्रा उपयोगी पडतो. लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर व अरुंद तोंड असलेला कारवान कुत्रा आणि त्याचाच लांब केसांचा पश्मी हा प्रकार या भूमीला साजेसे आहेत. पूर्वीच्या उस्मानाबाद व आजच्या लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव अशा कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. ‘कारवान’ हे नाव काफिल्यांबरोबर आलेला या अर्थाने रूढ झाले असे सांगितले जाते. मध्य आशियातील ताझी व पश्चिम आशियातील सालुकी या कुत्र्यांशी त्याचे असलेले साम्य या समजुतीस पूरक आहे.

नजरेच्या कुत्र्याचे शिक्षण वासाच्या कुत्र्याहून मुळातच वेगळे असते. कूनहाउंडला भुंकणे शिकवायचे असते, येथे थांबणे शिकवायचे असते. सावज दिसताच झेपावणे ही त्याची उपजत प्रवृत्ती. धन्याच्या हाताखाली, दोरात, श्वास रोखून उभे राहणे ही शिकवण. सशाचा पाठलाग काही मिनिटांत संपतो. ससा एकाएकी वळतो तेव्हा वेगवान परंतु अडाणी कुत्रा पुढे निघून जातो, तर शिकलेला कुत्रा वळणाचा अंदाज घेऊन आडवा येतो. हे ज्ञान शब्दांनी देता येत नाही. ते जाणत्या कुत्र्याच्या जोडीने धावूनच येते. त्यानंतर धरलेले सावज न फाडता राखणे आणि धन्याच्या हाकेला परतणे हा शिक्षणाचा शेवटचा व सर्वांत कठीण टप्पा होय.

रात्रीचे काय? येथेच आपल्या परंपरेचा वेगळेपणा दिसतो. अमेरिकेत रात्र ही शिकारीची वेळ ठरली. आपल्याकडे उघड्या माळावर रात्र ही मुख्यतः राखणीची वेळ होती. धनगराच्या वाड्याभोवती लांडग्याची चाहूल घेणारा, पालाच्या दाराशी पडून परक्या पावलावर उठणारा कुत्रा हा रात्रीचा कुत्रा. भटक्याच्या पालावर या दोन कामांसाठी वेगळी कुत्री ठेवण्याची चैन परवडणारी नव्हती. दिवसा माग काढणाऱ्या कुत्र्यालाच रात्री राखण करावी लागे. यामुळे आपल्याकडील कसोटी ही कधीच केवळ वेगाची नव्हती. कोणता कुत्रा उगाच भुंकून तळ जागा करतो आणि कोणता कारणाशिवाय तोंड उघडत नाही, हेही पारखले जाणे ओघानेच आले. ही पारख कागदावर उतरली नाही. पंच नव्हते आणि गुणांचा तक्ताही नव्हता. रोजचे जगणे हीच कसोटी होती.

ज्ञान कोणाचे?

शिकारी समाज म्हटले की आपल्यापुढे सरसकट पारधी येतात. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. कैलाश मल्होत्रा, खोमणे व माधव गाडगीळ यांनी १९८३ मध्ये महाराष्ट्रातील तीन भटक्या समाजांच्या शिकारपद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असे आढळले की फासेपारधी प्रामुख्याने फाशांच्या साहाय्याने काळवीट व पक्षी पकडीत. वैदू हे मुंगूस, रानमांजर यांसारख्या लहान मांसाहारी प्राण्यांमागे असत. तर तिरमल नंदीवाले हे शिकवलेल्या कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर व घोरपड यांची शिकार करीत. एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन समाजांनी सावज व साधने वाटून घेतली होती. म्हणजे कुत्र्याकरवी शिकार हे ‘रानटी’ लोकांचे सर्वसाधारण काम नसून एका विशिष्ट समाजाचे विशेष कौशल्य होते. भर उन्हात गावोगाव फिरून नंदीबैलाला मान डोलवायला शिकवणारा माणूसच कुत्र्यालाही शिकवीत होता. प्राण्याला बोलते करण्याची ती एकच विद्या होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या विद्येचे श्रेय कसे हस्तांतरित झाले, याचे बोलके उदाहरण म्हणजे मुधोळ. आज बागलकोट जिल्ह्यात असलेल्या या मराठा संस्थानाचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर समाजाकडील शिकारी कुत्री पाहून त्यांची पद्धतशीर पैदास केली आणि त्यांना इंग्लंडच्या राजदरबारापर्यंत पोहोचवले. त्यांचे हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु कुत्रा ‘मुधोळ हाउंड’ झाला, बेडरांचा राहिला नाही. याच मुधोळ परिसरातील हलगली येथील बेडरांनी १८५७ मध्ये नि:शस्त्रीकरणाच्या कायद्याविरुद्ध उठाव केला होता व तो कठोरपणे मोडून काढण्यात आला. ज्यांच्या हातातील शस्त्र काढून घेतले गेले त्यांच्याच पायाशी वाढलेल्या कुत्र्याला पुढे संस्थानाचे नाव मिळाले, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. आजही एक नोंदणीसंस्था या कुत्र्याला कारवान हाउंड म्हणते, तर दुसरी मुधोळ हाउंड. वाद चालतो तो काफिला की संस्थान असा. बेडर किंवा नंदीवाले या नावांचा त्यात उल्लेखही येत नाही.

वसाहतकालीन साधने आणि त्यांची मर्यादा

१८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांकडे आलेल्या धाराशिव मुलखाचा कारभार पाहण्यासाठी फिलिप मेडोज टेलर नळदुर्गास आला. १८६० मध्ये हा मुलूख निजामास परत करण्यात आला. टेलर हा या भूमीवर प्रेम करणारा अधिकारी होता. परंतु ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या त्याच्या १८३९ मधील कादंबरीने भटक्या माणसाची जी प्रतिमा इंग्रजी वाचकाच्या मनात रुजवली, ती संशयाची होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व त्याची व्याप्ती वाढवणाऱ्या १९११ च्या कायद्याने या संशयास कायद्याचे रूप दिले. लगतच्या सोलापुरात अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली; लोकांच्या बोलण्यात ती ‘सेटलमेंट’ म्हणून आजही आहे.

याचा परिणाम ऐतिहासिक साधनांवर झाला. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने १९०८ मध्ये मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर पुस्तक लिहिले. सय्यद सिराज-उल-हसन यांचा निजामाच्या राज्यातील जातिजमातींवरील ग्रंथ १९२० मध्ये आला, तर एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यावरील खंड १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाले. या साधनांचा उपयोग केल्याशिवाय संशोधकास गत्यंतर नाही. परंतु पोलिसी दृष्टीने लिहिलेल्या दप्तरात पालावरील कुत्रा येतो तो छाप्याच्या वेळी अडथळा आणणारा म्हणून. एकाच शिकवलेल्या कुत्र्याला गोऱ्या अधिकाऱ्याच्या छावणीत ‘स्पोर्ट’ म्हटले जाई आणि पालावर तो गुन्ह्याचे साधन ठरे. साधनांतील हा भेद ओळखल्याशिवाय त्यांचे वाचन करणे म्हणजे दप्तर लिहिणाऱ्याचाच पूर्वग्रह पुढे चालवणे होय.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कायदा गेला तरी संशय गेला नाही, हे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) व लातूर परिसरातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी मराठी वाचकांसमोर आणले.

१९७२ चा कायदा आणि हरवलेली कसोटी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा भारतीय पर्यावरण इतिहासातील महत्त्वाचा टप्पा आहे. या कायद्याने ‘शिकार’ या शब्दाची जी व्यापक व्याख्या केली तिच्यात मारण्याबरोबरच फासे लावणे, सापळे लावणे व हाकणे यांचाही समावेश झाला. मूळ कायद्यात लहान सावजासाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीनंतर ती उरली नाही. एकेकाळी कळपांनी दिसणारे काळवीट व माळरानावरून जवळजवळ नाहीसा झालेला माळढोक यांचा विचार करता या कायद्याची आवश्यकता वादातीत आहे. प्रस्तुत निबंधाचा हेतू शिकारीचे समर्थन करण्याचा नाही.

तथापि इतिहासकाराला परिणामांची नोंद घ्यावी लागते. परवाना काढून बंदुकीने शिकार करणाऱ्या जमीनदाराचा कायद्याने छंद गेला. कुत्री बाळगणाऱ्या भटक्याची उपजीविका गेली आणि तिच्याबरोबर त्याच्या ज्ञानाची शाळाही बंद झाली. कारण हे ज्ञान शिकारीपासून वेगळे असे कधी मांडलेच गेले नव्हते. ज्याची कसोटी लिखित नियमांत होती त्या कूनहाउंडचे कौशल्य शिकारीवाचूनही जोखता येते. आपल्या कुत्र्याची कसोटी सावजातच होती. सावज निषिद्ध होताच ती संपली. येथे आणखी एक तपशील नोंदवण्यासारखा आहे. ज्या १९७२ साली आपल्याकडे हा कायदा झाला त्याच साली अमेरिकेत अमेरिकन साइटहाउंड फील्ड असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तिने नजरेच्या कुत्र्यांसाठी दोरीने ओढल्या जाणाऱ्या कृत्रिम सावजामागे धावण्याच्या स्पर्धांना नियमबद्ध रूप दिले. जिवंत सशाऐवजी कापडाचा वा प्लॅस्टिकचा तुकडा वळणे घेत पळतो आणि कुत्र्याची चपळाई, वळण्याची समज व चिकाटी यांना गुण दिले जातात.

आपल्याकडे या काळात कुत्र्याचे मूल्य वाढले, परंतु ते दुसऱ्याच अंगाने. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने भारतीय श्वानजातींवर काढलेल्या तिकिटांत मुधोळ हाउंडचा समावेश झाला. २०१६ मध्ये भारतीय सैन्याने या जातीच्या कुत्र्यांचे प्रशिक्षण हाती घेतले. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून देशी श्वानजातींचा गौरव केला. हे सर्व स्वागतार्ह आहे. पण प्रदर्शनात कुत्र्याची उंची, छाती व शेपटीचा बाक मोजला जातो. त्याला काय कळते हे मोजले जात नाही. पिशवीच्या वासावर धावणाऱ्या स्पर्धांनी कूनहाउंड केवळ वेगवान केला, तसेच केवळ रूपावर चाललेली निवड कारवान कुत्र्याला केवळ देखणा करील, अशी भीती वाटते. मानसोल्लासातील राजा आणि आजचा प्रदर्शनातील परीक्षक हे दोघेही कुत्र्याकडे एकाच बाजूने पाहत आहेत.

निष्कर्ष

१) दख्खनमधील शिकारी श्वानपरंपरा किमान हजार वर्षांची असून तिचे दाखले शिलालेख, संस्कृत ग्रंथ व लोकदैवत अशा तिन्ही स्तरांवर मिळतात.

२) या परंपरेतील शिक्षणाचे ज्ञान नंदीवाले, बेडर, धनगर यांसारख्या समाजांकडे होते, नोंद मात्र राजे, संस्थानिक व नोंदणीसंस्था यांच्या नावे झाली.

३) वसाहतकालीन साधनांनी या समाजांचे कौशल्य गुन्ह्याच्या रकान्यात घातल्यामुळे त्यांचा उपयोग चिकित्सेनेच करणे आवश्यक आहे.

४) शिकारबंदी योग्य असली तरी कसोटीला पर्याय न दिल्यामुळे श्वानशिक्षणाचे पारंपरिक ज्ञान खंडित होत आहे.

समारोप

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढे यातून एक कर्तव्य उभे राहते. १९७२ पूर्वी ज्यांनी हातात दोर धरून कुत्री शिकवली ती पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. त्यांची माहिती ही मौखिक आहे आणि ती फार काळ उपलब्ध राहणार नाही. भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीसारख्या ठिकाणी शिक्षणाचे प्रयत्न झाले. त्या व इतर शाळांतून शिकलेली मुले आता महाविद्यालयांच्या वर्गांत बसतात. इतिहास विभागांनी या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. मात्र ही नोंद करताना सांगणाऱ्याची संमती व सुरक्षितता यांची काळजी घेतली पाहिजे. कालची आठवण आजच्या गुन्ह्याची कबुली म्हणून वापरली जाणार नाही, याची हमी त्याला मिळाली पाहिजे. कृषी व पशुवैद्यक संस्थांनी कृत्रिम सावजाच्या स्पर्धांचा विचार केल्यास त्यांच्या नियमांचे पहिले जाणकार व पहिले पंच याच समाजांतून मिळतील.

आटकूरच्या शिळेवर काळी या कुत्र्याचे नाव हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. त्याला थांबायला, झेपावायला आणि हाकेला परत यायला ज्याने शिकवले त्याचे नाव तेव्हा कोणी विचारले नाही. आज विचारले तर सांगणारी माणसे अजून आहेत. ती आहेत तोवर हे काम हाती घेणे, ही प्रादेशिक इतिहासाच्या प्राध्यापकांची जबाबदारी आहे.